सर्व्हिसची शिट्टी

उमेदवाराने ते वाक्य म्हटलं तेव्हा ती गुडघ्याला मलम चोळत होती. टीव्ही नुसता चालू होता, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं एवढ्याच कामाचा. निवडणुकीची भाषणं ती ऐकत नसे. समोर काय चाललंय ते बघायचं आणि भोवती काय ओरडतायत ते कानाआड करायचं, ही सवय तिला धंद्यानेच लावली होती. व्हॉलीबॉलचा पंच प्रेक्षकांचं ऐकायला लागला तर पहिल्याच सेटमध्ये त्याला वेड लागेल. पण 'छावणीची भिंत' हे शब्द आले आणि तिची बोटं गुडघ्यावर थबकली. उमेदवार रंगात आला होता. निर्वासितांच्या छावणीभोवती भिंत कशाला बांधली होती, तो विचारत होता. त्यांनी आत राहावं म्हणून ना? आणि यांच्या पोरी काय करत होत्या? भिंतीशी उड्या मारमारून आपल्या शाळेत डोकावत होत्या. आज त्याच पोरी आपल्या शहराचा शर्ट घालून, आपल्या लेकींच्या जागा अडवून नेटवर उड्या मारतायत. चूक त्यांची नाही, आपली आहे. भिंत दोन विटा कमी पडली. मला निवडून द्या, विटाही वाढवतो आणि उड्या मारणाऱ्यांना पुन्हा आतही घालतो. सभेत हशा पिकला. कॅमेरा हसणाऱ्या माणसांवरून सावकाश फिरला, आणि ती माणसं चांगली होती, घरची वाटावीत अशी, एकाच्या मांडीवर तर मूल झोपलेलं होतं. तिने मलम बाजूला ठेवून आवाज वाढवला. कारण ती भिंत, तो उड्यांचा खेळ, ती शाळा, हे सगळं जगात दोनच माणसांचं आहे असं तिला आजवर वाटत होतं. एक ती स्वतः, आणि दुसरी ती मुलगी, जिला सगळं शहर कौतुकाने खार म्हणायचं.

गेल्या हंगामात तिचे गुडघे आणि खारीचा घोटा एकाच दुपारी एकाच फिजिओच्या दवाखान्यात शेकत पडले होते. दोन खाटा, मध्ये एक हिरवा पडदा. पंचाने खेळाडूशी सलगी करायची नाही, हे तिने इतकी वर्षं कसोशीने पाळलं होतं. जिन्यात खेळाडू समोर आली तर ती चष्मा पुसायला लागायची. पडद्यापलीकडून आवाज आला, "मॅडम, तुम्हीच ना?" तिने विचारलं, कशावरून ओळखलंस. "श्वासावरून. शिट्टीच्या आधी तुम्ही नाकाने श्वास घेता. सर्व्हिसला उभं राहून राहून पाठ झालाय मला." मग शेकाची पिशवी थंड होईपर्यंत ती मुलगी बोलत राहिली. बोलण्यात कुठे रडगाणं नव्हतं, उलट स्वतःचीच थट्टा. "आम्ही छावणीत होतो तेव्हा मी एवढीशी. भिंतीपलीकडे शाळा. बॉलचा आवाज यायचा, बॉल दिसायचा नाही. मग काय, उडी मारायची. एका उडीत एकच काहीतरी दिसायचं. एकदा नुसते हात, एकदा नुसता बॉल, एकदा तर कुणाची तरी वेणीच. कोण जिंकलं ते कळायला दुपारभर उड्या मारायला लागायच्या. आई म्हणायची, हिच्या पायात काहीतरी शिरलंय." मग म्हणाली, "हे मी कुणाला सांगत नाही हं. लोक लगेच डोळ्यांत पाणी आणतात." "मी नाही आणत," पडद्याअलीकडून ती म्हणाली होती, आणि चादरीच्या टोकाने डोळे टिपले होते. त्या दिवसानंतर खार नेटवर उडाली की पंचाच्या उंच जागेवर तिचा श्वास अडकायचा. मुलगी वर जायची आणि वर थोडी थांबायची, जणू अजून काहीतरी बघायचं राहिलंय. उंचीने तिच्याहून वीतभर जास्त असलेल्या पोरी खाली यायच्या तेव्हाही ही वरच असायची. आणि पंचाला वाटायचं, आपण हे बघतोय, आपल्याला हे जवळून बघायला मिळतंय, आणखी काय हवं.

एवढं मोठं आश्चर्य एकट्या माणसाने किती दिवस पोटात ठेवायचं. धाकटा भाऊ एकदा जेवायला आला होता, त्याला तिने सांगितलं. नाव घेतलं नाही, पण न घेण्यासारखं काय होतं त्यात, शहरात अशी मुलगी एकच. "असं काही आपण उभ्या जन्मात केलं का रे?" ती म्हणाली, तेव्हा भावाचा घास हातातच राहिला होता. तो भारावलाय असं तिला वाटलं. तो पाठ करत होता. उमेदवाराची भाषणं तो लिहितो हे तिला माहीत होतं, लपवाछपवी कसलीच नव्हती. फक्त ते आणि हे एकाच ताटात येईल असं तिच्या डोक्यातच आलं नाही. लहानपणी हा भाऊ अडखळत बोलायचा. शाळेत पोरं त्याची नक्कल करायची म्हणून ती त्याला दाराआड उभं करून एकेक वाक्य म्हणवून घ्यायची, ठेका धरून, टाळीवर. 'थांब, श्वास घे, आता बोल.' त्याचं पहिलं सरळ वाक्य तिने ऐकलं होतं तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं होतं. भाषण संपल्यावर तिने त्याला फोन लावला. तो खुशीत होता.

"ऐकलंस ना ताई? काय हशा आला."

"ती गोष्ट मी तुला कशासाठी सांगितली होती?"

"अगं, नाव घेतलंय का कुणाचं? आणि गोष्ट जबरदस्त आहे हे तूच म्हणालीस. मी फक्त त्यांना दिली."

"मला परत दे."

तो हसला. मग ती चेष्टा करत नाहीये हे त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण तो जरा अडखळला, अगदी लहानपणीसारखा, आणि म्हणाला, "ता-ताई, गोष्ट सांगितली की सांगितली. ती काय परत घेता येते?" तिने फोन ठेवला. हाताला मलमाचा वास येत होता आणि तो साबणाने जाईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सामना होता, पिवळ्यांचा निळ्यांशी. पिवळे खारीचे, घरचे; निळ्यांनी हा सामना सरळ तीन सेटमध्ये जिंकला तर त्यांना अंतिम फेरी मिळणार होती. सकाळपासून उमेदवाराचं वाक्य सगळीकडे झालं होतं. रेडिओवर, पानाच्या गादीशी, पेट्रोलच्या रांगेत, जो तो त्या दोन विटा उचलत होता; कुणी संतापाने, कुणी मिटक्या मारत. पंचांच्या खोलीत ती बुटाची नाडी बांधायला वाकली तेव्हा खाली उभा राहणारा दुसरा पंच, तरुण मनुष्य, कंगवा खिशात ठेवत म्हणाला, "मॅडम, आज काहीतरी होणार म्हणतात." ती म्हणाली, "होऊ दे. आपण शिट्टी मारू." गर्दीची भीती तिला कधीच नव्हती. भीती होती ती हस्तांदोलनाची. सामन्याआधी दोन्ही कप्तान पंचाशी हात मिळवतात, आणि पिवळ्यांची कप्तान खार होती. ती काय म्हणेल? नुसती बघेल? काहीच म्हणाली नाही तर ते सगळ्यांत वाईट.

खार आली, हात पुढे केला. हात कोरडा आणि गरम होता. "मॅडम, गुडघे काय म्हणतात?" तिने विचारलं. "आहेत," पंच म्हणाली. तिला पुष्कळ म्हणायचं होतं, रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही जिभेवर येईना. खारीने हात सोडला नाही. "आज तुम्ही आहात ते बरं झालं," ती हळूच म्हणाली, "तुम्ही आठ म्हणजे आठ मोजता." यात टोमणा होता का? की नुसतं कौतुक? खारीच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग तिने हात सोडला, आणि पंच नेटच्या खांबाजवळची शिडी चढली आणि आपल्या उंच जागी उभी राहिली. सभागृह खच्चून भरलं होतं. समोरच्या दोन रांगांत उमेदवाराच्या टोप्या घातलेली माणसं होती, आणि वरच्या बाजूला काही मुलांनी पुठ्ठ्याच्या विटा रंगवून आणल्या होत्या, त्या ती एकीवर एक आपटत होती. नाणेफेक पिवळ्यांनी जिंकली होती, पहिली सर्व्हिस त्यांची. तिने नाकाने श्वास घेतला आणि शिट्टी मारली.

पिवळ्यांची मुलगी बॉल घेऊन मागच्या रेषेपाशी उभी होती. उभीच राहिली. शिट्टीनंतर आठ सेकंदांत सर्व्हिस मारायची असते. नाही मारली तर पॉइंट समोरच्यांना, आणि सर्व्हिसही त्यांचीच. विसरली असेल, असं आधी वाटलं. नवशिक्या विसरतात. पण बाकीच्या पाचजणी जागच्या जागी हात सैल सोडून उभ्या होत्या, तेव्हा तिला कळलं, या मुद्दाम खेळत नाहीयेत. तिने आठ मोजले, शिट्टी मारली, निळ्यांकडे हात केला. एक-शून्य. सभागृहात बूड हलवल्यासारखी खुसपूस झाली. टोप्यांच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "घाबरल्या." आणि आता काय होणार हे उघडच होतं. निळ्यांनी पंचवीस वेळा बॉल पलीकडे टाकायचा, पलीकडच्या तो अडवणार नाहीत, तीन सेट, अंतिम फेरी, घरी. पिवळ्यांच्या पोरींनी आपला हंगाम उघड्या तळहातावर ठेवून समोर धरला होता. आणि निळ्यांची सर्व्हिस करायला आली ती डावखुरी. हिला तिने आजवर कितीदा कार्ड दाखवलं होतं त्याला गणती नव्हती. प्रत्येक निकालावर वाद, प्रत्येक वादात हात कमरेवर. त्यात तिचा बाप टोप्यांच्या रांगेत बसलेला, हे सगळ्यांना दिसत होतं, कारण तो उभा राहून म्हणत होता, "मार पोरी, मार." पंचाने शिट्टी मारली. डावखुरीने बॉल दोनदा जमिनीवर आपटला. वर फेकला, चांगला उंच, तिचा डावा हात मागे गेला, आणि मग तो हात तसाच खाली आला. बॉल खाली येऊन तिच्यासमोर पडला, उडाला, पुन्हा पडला, आणि लोळत लोळत जाहिरातीच्या फळीला लागून थांबला. तिने बापाकडे पाहिलं नाही. कमरेवर हातही ठेवले नाहीत. एक-एक.

पंचाने हात पिवळ्यांकडे केला तेव्हा तो हात आपला नसल्यासारखा हलका लागला.

मग ते सुरू झालं. व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस परत मिळाली की सगळ्या खेळाडू एकेक घर सरकतात आणि नवी मुलगी बॉल घेऊन मागे जाते. इतकी वर्षं हा नियम तिला घड्याळाच्या काट्याइतकाच वाटत आला होता, फिरतो म्हणून फिरतो. आज तिला दिसलं की त्यात कुणाला लपता येत नाही. ठराव करून एकीने पुढे व्हायचं आणि बाकीच्यांनी मागे राहायचं असं इथे चालत नव्हतं. प्रत्येकीला बॉल हातात घ्यावा लागत होता, रेषेपाशी एकटं उभं राहावं लागत होतं, शिट्टी ऐकावी लागत होती आणि मग आठ सेकंद, सगळ्या शहरासमोर, न मारण्याचं धाडस स्वतःचं स्वतः करावं लागत होतं. एक निळी मुलगी, पहिलाच हंगाम असलेली, थरथरत होती. बॉल तिने पोटाशी धरला होता. एक पिवळी डोळे मिटून उभी राहिली. एकीला सहाव्या सेकंदाला हसू आलं आणि तिने ते ओठ चावून आवरलं. दोन-एक, दोन-दोन, तीन-दोन, तीन-तीन. निळ्यांचा प्रशिक्षक आधी उभा राहून किंचाळला, मग बसला, मग नुसता बसून राहिला. लोकांनी शिट्ट्या घातल्या, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाकल्या, काही उठून गेले. राहिलेले मोठ्याने आकडे मोजायला लागले, पण घाईघाईने, आठवर लवकर पोचायचे आणि वर बघायचे. ती आपल्याच गतीने मोजत राहिली. हळूहळू तो सगळा जमाव तिच्या गतीला आला. आणि मग, कधी ते तिला सांगता आलं नसतं, कुणी मोजेना. सभागृहात फक्त शिट्टी, शांतता, शिट्टी. इतक्या माणसांची शांतता तिने कधी ऐकली नव्हती. तिला वाटलं, शांततेलाही वजन असतं, ते आपल्या खांद्यांवर कुणीतरी हलकेच ठेवतंय.

खारीची पाळी आली. ती रेषेपाशी गेली, बॉल बगलेत धरला आणि वळून वर पाहिलं, जसं शिट्टीसाठी प्रत्येक सर्व्हिसला पाहते तसंच. पंचाला त्या क्षणी पक्कं कळलं की तिला माहीत आहे. सभेतली गोष्ट कुणाच्या तोंडून बाहेर पडली, हे या मुलीला काल रात्रीच कळलेलं आहे, दुसरं कोण सांगणार होतं? आणि तरी ती आज म्हणाली होती, तुम्ही आहात ते बरं झालं. शरमेने पंचाची मान खाली जायला हवी होती, पण पंचाला मान खाली घालता येत नाही, तिला बघावंच लागतं. तिने नाकाने श्वास घेतला. खाली त्याच वेळी खारीची छाती फुलली. शिट्टी. खार उभी राहिली. ही मुलगी एका जागी एवढी निश्चल उभी राहिलेली तिने आजवर पाहिली नव्हती; पाय जमिनीला टेकलेले, गुडघे सरळ, कुठे काही बघायचं राहिलेलं नाही. जे काय बघायचं ते आता जगाने बघावं. माफी मागायची, प्रायश्चित्त घ्यायचं, असलं काहीतरी मोठंसं पंचाच्या मनात आलं आणि लगेच विरलं. तिच्याकडे कुणी माफी मागतच नव्हतं. तिच्याकडे आठ सेकंद मागत होते, पुरे आठ, कुणाच्या बाजूने अर्धाही नको. तेवढं तिला देता येत होतं. डोळ्यांत पाणी आलं ते तिने येऊ दिलं, आणि पाण्यातूनच मोजलं.

चोवीस-तेवीस झाले तेव्हा संघटनेचे सचिव शिडीखाली आले. कोट घातलेला, घाम आलेला, एरवी भला माणूस. फोनवर हात ठेवून म्हणाले, "चला, पंचवीसला सुटेल एकदाचं."

"नाही सुटणार," ती वरून म्हणाली.

"म्हणजे?"

"सेट जिंकायला दोन पॉइंटांची आघाडी लागते. एक यांचा, एक त्यांचा. दोन कधी होणार?"

सचिवांनी बोर्डाकडे पाहिलं. चोवीस-चोवीस. पंचवीस-चोवीस. पंचवीस-पंचवीस. तिने हे शून्य-शून्यलाच ओळखलं होतं असं नाही. डावखुरीचा बॉल लोळत गेला तेव्हा ते तिच्या ध्यानात आलं होतं आणि तेव्हापासून ती त्याच्याकडे भीत भीत बघत होती, डोंगराकडे बघावं तशी. या पोरींनी नियम मोडला नव्हता. त्यांनी नियम हातात घेऊन तो जिथे संपत नाही तिथपर्यंत नेला होता, आणि रोज त्या नियमाचा चष्मा लावून फिरणाऱ्या तिला तो रस्ता कधी दिसलाही नव्हता. सव्वीस-पंचवीसला सचिव पुन्हा शिडीपाशी आले. "मॅडम, लाल कार्ड. खारीला. मुद्दाम वेळ काढतायत म्हणून. एक पॉइंट दंडाचा, की सुटला सेट. सगळं तुमच्या हातात आहे."

ते खरं होतं. कार्ड तिच्या खिशात होतं, आणि आघाडीत असलेल्या निळ्यांना एक दंडाचा पॉइंट की खेळ खलास. सकाळच्या बातम्यांत ते कार्ड दिसलं असतं आणि उमेदवाराला पुढच्या सभेसाठी भाऊसुद्धा लागला नसता. "वेळ काढत नाहीयेत त्या," ती म्हणाली. "सर्व्हिस न मारण्याची शिक्षा मी दर वेळी देतेय, पॉइंट जातोय. एका चुकीला दोन शिक्षा कशा देऊ?"

"मला वरून फोन येतायत हो."

"घ्या की."

"अंतिम सामन्याला तुमचं नाव आहे. होतं म्हणा मग."

त्या सामन्यासाठी तिने गुडघे इतकी वर्षं ओढत आणले होते. ते नाव गेलं म्हणजे सगळंच गेलं, या वयात पुन्हा कोण विचारतो. तिला वाईट वाटलं, चांगलंच वाईट. "समजलं," ती म्हणाली, आणि शिट्टी मारली.

ओठ बधिर झाले होते. चाळीस गेले, साठ गेले. पोरी सरकत होत्या, बॉल हातातून हातात जात होता; पलीकडच्या संघाला बॉल देताना तो आता नेटखालून लोटत नव्हत्या, नेटपाशी जाऊन हातात देत होत्या. डावखुरीची पाळी पुन्हा पुन्हा आली आणि दर वेळी ती आधीपेक्षा ताठ उभी राहिली. तिचा बाप अजून उभाच होता, टोपी डोक्यावर, हात लोंबकळत, पण ओरडत नव्हता. लेकीकडे तो असा बघत होता की ही कोण, केव्हा एवढी झाली. नव्याण्णव-नव्याण्णवला टेबलावरच्या गुणलेखकाने हात वर केला. "मॅडम," तो चाचरत म्हणाला, "बोर्डावर तिसऱ्या आकड्याला जागा नाही."

"कागदावर?"

"कागदही भरला."

"दुसरा जोडा," ती म्हणाली. तिने शिट्टी मारली, आठ मोजले, हात निळ्यांकडे केला. बोर्डावर त्यांचे नऊ आणि नऊ विझले आणि तिथे दोन शून्यं लागली. मग पलीकडेही दोन शून्यं. सभागृहातून एक आवाज निघाला, टाळी नव्हे, हसू नव्हे, श्वास सुटावा तसा, आणि पोरींनी मान वर करून त्या शून्यांकडे पाहिलं. बाराही जणी. तिनेही पाहिलं. लहान मुलासारखं तिला वाटत होतं, की हे बघायला मी इथे आहे, या जागेवरून, माझी जागा सगळ्यांत उंच आहे.

सचिव परत आले ते खालच्या पंचाला घेऊन. तो तरुण मनुष्य शिडीकडे न बघता आपल्या बुटांकडे बघत होता. "मॅडम," सचिव म्हणाले, आणि त्यांचा आवाजही आता खाली आला होता, इतर सगळ्यांसारखाच, "तुम्ही थकलात. वरून सांगितलंय. खाली या, पुढचं हा बघेल."

खाली रेषेपाशी बॉल घेऊन थरथरणारी ती पहिल्या हंगामातली निळी मुलगी उभी होती. आता ती थरथरत नव्हती. ती वर बघत होती, वाट बघत होती.

"येते ना," पंच म्हणाली, "सेट संपला की उतरते." आणि तिने शिट्टी तोंडात धरली.